दिसलं तर वाजवायची

एस्तेरताई साळवे माणूस बघायच्या तो खालून. आधी बूट, मग घोटे, मग गुडघे, आणि वेळ उरला तर चेहरा. दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या त्यांच्या ब्लॉकमध्ये आम्ही राहायला गेलो त्या दिवशी जिन्यातच आमची गाठ पडली. माझ्या एका हातात बादली, दुसऱ्या हातात कुकर. या बाई माझ्या चपलांकडे बघत म्हणाल्या, "डावा घोटा कधीतरी जोरात मुरगळलाय ना?" मुरगळला होता, कॉलेजात, बास्केटबॉल खेळताना. तेवढं मी सांगितलं आणि फसले. पुढच्या शनिवारी मी मैदानावर गुण लिहायच्या टेबलामागे बसलेली होते. मला कोणी विचारलं होतं असं काही आठवत नाही.

त्या मूळच्या नगरच्या. वडील मिशनच्या शाळेत ड्रिल मास्तर होते. ताई दिल्लीत केंद्र सरकारच्या नोकरीत, आस्थापना शाखेत, आणि संध्याकाळी व सुट्टीच्या दिवशी बास्केटबॉलच्या पंच. नेसत्या साडीखाली वर्षभर स्पोर्ट्स शूज. काळी पँट आणि पंचाचा शर्ट ऑफिसच्या बॅगेत डब्याखाली घडी करून ठेवलेला. लग्न केलं नव्हतं. का नाही केलं असं कोणी विचारलंच, तर म्हणत, "संध्याकाळी मॅच असायची."

रविवारी चर्चला निघण्याआधी त्या शिट्टी उकळत. त्यासाठी एक छोटं पातेलं वेगळं होतं. एकदा पुण्याहून आलेल्या चुलतभावाने त्यात स्वतःपुरता चहा करून घेतला. दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन नवं पातेलं आणलं आणि जुनं त्याला भेट दिलं.

बास्केटबॉल बघणाऱ्या प्रत्येकाला एकच नियम येतो आणि तोही चुकीचा येतो, असं त्यांचं मत होतं. तो नियम म्हणजे ट्रॅव्हल. दिल्लीच्या गॅलरीत त्याला 'स्टेप्स' म्हणतात. सांगायला तो सोपा आहे. चेंडू हातात धरून उभा असलेला खेळाडू एक पाय जमिनीला खिळवून दुसऱ्या पायाने हवा तेवढा फिरू शकतो. चेंडू सोडायच्या आत खिळवलेला पाय उचलून परत टेकवला की ट्रॅव्हल, चेंडू समोरच्या संघाला. चेंडू आपटत पळणाऱ्याने तो हातात धरला की त्याला दोन पावलं मिळतात. तेवढ्यात चेंडू बास्केटकडे टाकायचा नाहीतर कोणाला तरी द्यायचा. सगळं भांडण 'हातात धरला' कधी, यावरून होतं. काही वर्षांपूर्वी नियमात आणखी एक गोष्ट आली. पळता पळता चेंडू धरताना जो पाय जमिनीवर असतो तो मोजायचा नाही, त्यानंतरची दोन पावलं मोजायची. म्हणजे नुसतं बघणाऱ्याला तीन दिसतात. तीन दिसली की गॅलरी ओरडते.

हे सगळं मला त्यांनी त्यांच्या हॉलमध्ये शिकवलं, कोबी हातात घेऊन. चेंडू आपटला की खालच्या मजल्यावरचे मिश्राजी वर येत, म्हणून कोबी. साडीचा पदर खोचून त्या सोफ्याकडून फ्रिजकडे पळत येत, मध्येच कोबी दोन्ही हातांनी धरत आणि मला विचारत, कुठला पाय? मी चुकले की परत सोफ्यापासून. शेवटी त्या कोबीची भाजी व्हायची आणि मला जेवायला थांबवायच्या.

"पायावर नजर ठेवू नये का मग?" मी एकदा वैतागून विचारलं. मला वाटत होतं, स्टेप्स म्हणजे पावलं, पावलं मोजायची, संपलं.

"पाय नंतर. आधी हात. चेंडू हातात आलाच नसेल तर पाय कशाचे मोजतेस?" मग कोबी माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "आणि एक लक्षात ठेव वर्षा. दिसलं तर वाजवायची. वाटलं तर गिळायची."

हे त्या सगळ्यांनाच सांगत. नव्या पंचांना तर इतक्यांदा, की ती पोरं पाठीमागे त्यांना 'गिळायची मॅडम' म्हणायची. त्यातल्या अर्ध्यांना त्या शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता.

त्यांच्याशी वाद घालणं फायद्याचं नसे. एका मुलांच्या मॅचला हरणाऱ्या संघाचा कोच रेषेवर येऊन ओरडला, "मैडम, चश्मा बदलो." ताईंनी त्याच्याकडे बघितलंही नाही. चेंडू खेळाडूच्या हातात देता देता म्हणाल्या, "परसों ही बदला है. इसीलिए दिखा."

जानेवारीत आमच्या मराठी मंडळाची बस पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला जाते. ताई दरवर्षी यायच्या, खिडकीजवळची जागा धरून. जाताना बसमध्ये पानिपतावर चर्चा होतेच. चूक कोणाची, कोणी कधी माघार घ्यायला हवी होती, बरोबर बायकामाणसं न्यायला नको होती. सगळे दिल्लीतले नोकरदार, सगळ्यांना युद्ध येतं. एका वर्षी एक निवृत्त साहेब ताईंनाच मध्ये घालून विचारू लागले, तुम्ही पंच आहात, तुम्ही सांगा. ताई संत्रं सोलत होत्या. म्हणाल्या, "एवढ्या लांबून शिट्टी वाजवू नये." बस हसली. तिथे पोचल्यावर मात्र त्या स्मारकापाशी बराच वेळ उभ्या राहिल्या, आणि त्यांना हाक मारायला कोणी गेलं नाही.

आता रितूबद्दल सांगायला हवं, कारण ताईंचं मोठेपण मला कळलं ते तिच्यामुळे.

रितू दिल्लीतल्याच मुनिरकाची, शहराने गिळलेल्या तिथल्या मूळ गावातली. वडील सतबीरजी. गल्लीत चार मजली घर, वरच्या मजल्यावर स्वतः, बाकीच्या खोल्या विद्यार्थ्यांना भाड्याने. त्यातले बरेचसे आपल्याकडचे यूपीएससीवाले, त्यामुळे सतबीरजींना 'काय झालं' आणि 'पाणी आलं नाही' एवढं मराठी येत असे. मुलगी चपळ होती, पण तिचा खेळ डोळ्यांना खटकायचा. बास्केटखाली शिरताना ती सगळी गोळा होऊन, हात-पाय एकत्र करून जायची आणि चेंडू आत टाकून बाहेर पडायची. गॅलरी हमखास 'स्टेप्स' ओरडायची. पंच कधी वाजवायचे, कधी नाही.

वडिलांनी तिला साफ सांगून ठेवलं होतं. दिल्लीच्या ज्युनियर संघात आलीस तर कॉलेज, स्पोर्ट्स कोट्यातून, हवं तिथे. नाही आलीस तर खेळ बंद, पत्राचारातून, म्हणजे घरबसल्या, बी.ए. आणि घरचे भाडेकरू सांभाळायचे. ती तेव्हा अकरावीत होती.

त्या वर्षीच्या आंतरविभागीय फायनलला निवड समिती बसली होती. ताई मैदानावर; मी एव्हाना पंचाची परीक्षा पास झाले होते, पण त्या दिवशी टेबलावर. रितूचा संघ एका गुणाने मागे, मॅच संपत आलेली. रितू चेंडू घेऊन आत शिरली, तिघींच्या मधून, आणि टाकला. चेंडू जाळीत पडला त्याच्या आधी शिट्टी वाजली होती. ताईंनी दोन्ही मुठी एकमेकींभोवती फिरवल्या. ट्रॅव्हल. बास्केट रद्द. संघ हरला आणि निवड समितीने रितूचं नाव बाजूला ठेवलं. फुटवर्क कच्चं आहे, म्हणाले.

सतबीरजी मैदानात उतरले. उंच माणूस, आवाज त्याहून उंच. जे बोलले ते मी इथे लिहीत नाही. ताईंनी शांतपणे माझ्याकडून गुणपत्रक घेतलं, सही केली आणि बॅग उचलली. मॅचनंतर पंचाने निर्णयावर बोलायचं नाही, असा आमच्यात रिवाज आहे. चांगला रिवाज आहे. नाहीतर आम्ही घरीच जाऊ शकणार नाही.

रितूच्या कोचने कोणीतरी फोनवर घेतलेला व्हिडिओ पंचांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली एवढंच, 'देख लो'. ग्रुपने बघितला आणि एकजुटीने ताईंच्या मागे उभा राहिला. क्लिअर ट्रॅव्हल. मैडम सही. शंभर टक्के. मीही अंगठा दाखवला. ताई व्हॉट्सॲप फारसं बघत नसत, म्हणून रविवारी त्या चर्चमधून आल्यावर मी फोन घेऊन खाली गेले. म्हटलं, बघा, सगळे तुमच्या बाजूने आहेत.

त्यांनी चष्मा पुसला. व्हिडिओ थांबवत थांबवत बघितला. मग परत, आणखी सावकाश. एका जागी थांबवून फोन माझ्यासमोर धरला. रितूचा डावा हात चेंडूच्या अगदी जवळ होता. पण लागलेला नव्हता. चेंडू अजून जमिनीवर आपटायचा होता. हात नुसता तयार ठेवलेला, झाकणासारखा. दोन्ही हात लागले ते त्यानंतर, पुढचा पाय टेकल्यावर. तिथून मोजलं तर दोनच पावलं होती.

"मला तिचा हात जवळ दिसला आणि धरला असं वाटलं," त्या म्हणाल्या. "वाजवली. चुकली."

मी म्हटलं, ताई, चालायचंच, मॅच होऊन गेली, निकाल काही बदलत नाही. व्यवहारी सल्ला होता आणि मी तो मनापासून दिला होता. त्यांनी मला विचारलं, गाडी काढतेस का, मुनिरकाला जायचंय.

आधी त्या सतबीरजींच्या घरी गेल्या नाहीत. रितू जिथे खेळायला शिकली ते गावाच्या कडेचं पार्कमधलं कोर्ट त्यांना बघायचं होतं. चूक झाली हे कळलं होतं, पण मुलगी अशी का खेळते, हे कळलं नव्हतं. कोर्ट रिकामं होतं. एक रिंग वाकलेली, आणि तिच्याच खाली सिमेंट फुटून खड्डे पडलेले. ताईंनी तिथे बसलेल्या पोरांकडून चेंडू मागून घेतला आणि साडीतच त्या खड्ड्यांवर आपटला. चेंडू डावीकडे पळाला. पुन्हा आपटला, पायावर आला. तिसऱ्यांदा आपटताना त्यांचा दुसरा हात आपोआप चेंडूजवळ गेला, पळाला तर अडवायला. त्या तशाच थांबल्या, एक हात हवेत.

"हे बघ," म्हणाल्या. "इथे शिकलेली मुलगी दुसरं करणार काय?"

सतबीरजी गच्चीवर पाण्याच्या मोटारीशी झटत होते. आम्हाला बघून पाना हातात घेऊनच खाली आले. मी गाडीची किल्ली मुठीत घट्ट धरली होती, हे कबूल करायला हरकत नाही. ताईंनी बसायला सांगायची वाट बघितली नाही. त्यांचं हिंदी कायम नगरच्या वळणाचं.

"उस दिन मैं गलत थी. आपकी लड़की का बास्केट सही था."

सतबीरजींनी पाना या हातातून त्या हातात घेतला. "तो रिजल्ट पलटेगा?"

"नहीं."

"टीम में लेंगे?"

"इस साल नहीं."

"फिर आए क्यूँ हो?"

"बताने."

ते खाटेवर बसले. पाना बाजूला ठेवला. आमच्याकडे न बघता म्हणाले, "मैंने तो घर आके छोरी को ही डाँटा था मैडम. कि बेईमानी से खेलेगी तो यही होगा."

दारात रितू उभी होती. तिने हे ऐकलं. वडील तिच्याकडे बघायचं टाळत होते आणि चहा, चहा असं आतल्या दिशेला सांगत होते. चहा आला. तो घेतल्यावर रितूने ताईंना विचारलं, मैडम, मैं ये मूव छोड़ दूँ क्या? मी मनात हो म्हटलं. सोपं होतं. हात जरा लांब ठेव, कोणी ओरडणार नाही, निवड होईल.

"तू कुछ मत छोड़," ताई म्हणाल्या. "देखना हम सीखेंगे."

निघताना सतबीरजींनी एवढंच सांगितलं, एक साल और. मुलीला सांगितलं की ताईंना, ते कळलं नाही. पण खेळ बंद होणार होता, तो झाला नाही.

हंगामाच्या सुरुवातीला पंचांचा वर्ग असतो. ताईंनी तिथे पडद्यावर तोच व्हिडिओ लावला, स्वतःचा चेहरा आणि स्वतःची शिट्टी असलेला. ग्रुपवर अंगठे दाखवणारे सगळे समोर बसलेले. जिथे हात जवळ आहे तिथे चित्र थांबवून त्या विचारत गेल्या, चेंडू धरला का? धरला, धरला, धरला. आमच्यातले ज्येष्ठ साहनीसाहेब तर हसले, म्हणाले, मैडम, ये तो आपने खुद दिया है, और सही दिया है. मग ताईंनी चित्र मोठं केलं. हात आणि चेंडू यांच्यामध्ये उजेडाची फट होती.

"मैंने फायनल में ये फट नहीं देखी," त्या म्हणाल्या. "आप लोगों ने आराम से बैठके भी नहीं देखी."

साहनीसाहेब चष्मा काढून पडद्याजवळ गेले. परत येऊन बसले.

संघटनेला हे आवडलं नाही. सेक्रेटरीसाहेबांचा फोन आला, अगदी गोड. आप तो महान हैं, पण आता प्रत्येक बाप मोबाइल घेऊन येईल, त्याचं काय? ताईंचं ते पंच म्हणून शेवटचं वर्ष होतं, पुढे नोकरीतूनही निवृत्ती. त्या वर्षी त्यांना फायनल मिळाली नाही. शाळांच्या पहिल्या फेरीच्या मॅच मिळाल्या, सकाळच्या धुक्यात, ज्यात दुसऱ्या टोकाची रिंगही दिसत नाही. त्या सगळ्या मॅच त्यांनी वेळेआधी पोचून केल्या. वाईट वाटतं का, मी विचारलं. म्हणाल्या, वाटतं, पण गुडघा जास्त दुखतो.

फायनल मला मिळाली. जोडीला साहनीसाहेब. समोर रितूचा संघ, कडेला निवड समिती, आणि गॅलरीत, माझ्या नजरेच्या कोपऱ्यात, एस्तेरताई. त्यांच्यापासून दोन माणसं सोडून सतबीरजी. मॅच चुरशीची वगैरे नव्हती, रितूचा संघ पुढेच होता. पण निवड समितीतले एक गृहस्थ तिच्या पायांकडेच बघत होते, आणि तिच्यावर एक ट्रॅव्हल गेला असता तरी त्यांना पुरेसा होता. रितूलाही ते माहीत असणार.

ती आत शिरली ती माझ्याच बाजूने. मी बास्केटखालच्या रेषेवर होते. शिट्टी दातात. डावा हात चेंडूजवळ आला, आणि हात नि चेंडू यांच्यामधून मला पलीकडच्या मुलीचा लाल शर्ट दिसला. मग चेंडू वर आला, शर्ट झाकला गेला, दोन्ही हात लागले. उजवा पाय जमिनीवर. डावा. उजवा. चेंडू जाळीत.

गॅलरी एका आवाजात ओरडली. स्टेप्स! समोरचा कोच रेषेवर नाचायला लागला. मी साहनीसाहेबांकडे बघितलं. शिट्टी त्यांच्याही तोंडातच होती, आणि त्यांनी हात वर करून दोन बोटं दाखवली. गुण दिले.

ताईंनी मला काय दिलं, असं कोणी विचारलं तर मी तो लाल शर्ट सांगेन. तो मला एरवी दिसला नसता. मी शाळेचं ऑफिस सांभाळते. रोज कोणी ना कोणी कोणाची तरी तक्रार घेऊन येतं, हात गुन्ह्याच्या अगदी जवळ दिसलेले असतात. लागले होते का, एवढं विचारायला मी तेव्हापासून शिकले. काही मुलं त्यामुळे वाचली आहेत, आणि एक-दोन शिक्षकही. त्यांना एस्तेर साळवे कोण हे माहीत नाही. मला माहीत आहे, म्हणून हे लिहिते आहे.

रितूची निवड झाली. नाव वाचलं तेव्हा ती वडिलांकडे न जाता आधी ताईंकडे गेली. ताईंनी तिला जवळ घेतलं वगैरे नाही. वाकून तिचे बूट बघितले आणि टाच झिजली आहे, नवीन घे, म्हणून सांगितलं.

त्याच महिन्यात ताई क्वार्टर सोडून नगरला गेल्या. शाळेची तपासणी होती, मला स्टेशनवर जायला जमलं नाही. फोनवर बोलतो आम्ही. पण त्यांची आठवण आली की त्या दिसतात फायनलच्याच संध्याकाळच्या, आफ्रिका ॲव्हेन्यूच्या सिग्नलला.

मी त्यांना गाडीतून सोडणार होते. पण सतबीरजी बुलेट घेऊन आडवे आले, मैडम हमारे साथ जाएँगी. ताईंनी पदर खोचला आणि बसल्या, बॅग मांडीवर, रितूचं हेल्मेट डोक्यावर. ते त्यांना मोठं होत होतं. मी मागोमाग निघाले आणि लाल सिग्नलला नेमकी त्यांच्या शेजारी थांबले. काच खाली होती. सतबीरजी मान मागे वळवून, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात बोलत होते. आज जिंकलो ते ठीक, मैडम, बड़ी मेहरबानी. पण मागच्या वर्षीची फायनल आमचीच होती. तो बास्केट मोजला असता तर आम्ही एका गुणाने जिंकलो असतो.

"हाँ," ताई म्हणाल्या.

"वो दो पॉइंट हमारे थे."

"थे. आपके ही थे."

त्यांना बहुधा वाद हवा होता. तो न मिळाल्याने ते समोर वळून म्हणाले, चलो, आपने मान तो लिया.

"पिछले साल ही मान लिया था," हेल्मेटच्या आतून ताई म्हणाल्या. "अब आगे देखके चलाओ."

मागचे हॉर्न वाजवायला लागले. बुलेट धडधडत निघाली, आणि त्या दोघांमध्ये परत काहीतरी सुरू झालं होतं. सतबीरजींचा एक हात हवेत, आणि ताईंचा हात त्यांच्या खांद्यावर थोपटत, की हँडल धरा.